मोटारीच्या हिरव्या टपाबाबत

मी, उदयसिंहराव मानसिंगराव शिर्के, वय अठ्ठ्याहत्तर, तर्कशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, राहणार वासणा, बडोदे, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे मृत्युपत्र लिहीत आहे. त्यातून एक गोष्ट सिद्ध करावयाची आहे: वडिलांनी माझ्या नावे केलेली दोन आसनांची उघडी मोटार माझा धाकटा भाऊ समरजित याच्या हाती जाणे न्याय्य नाही.

१. वासण्याचे घर पत्नी शालिनी हिचे. बँकेतील ठेवी कन्या संयोगिता हिच्या. येथे युक्तिवादाची गरज नाही.

२. पान्यांची पेटीही संयोगिताची. तीतला एक पाना समरजितने नेला आहे. तो मागणे मी सोडले आहे. विसरलो आहे असे त्याने समजू नये.

३. आता मोटार. तिचा टप, म्हणजे दुमडते कापडी छत, घड्यांवर विरला तेव्हा मी पर्याय तपासले. रेक्झिन पाणी अडवते, पण इथल्या उन्हात ताठरते आणि घडीवर चिरते. साधे कॅनव्हास घडीला नरम, पण पावसात झिरपते. मध्ये रबराचा थर असलेले दुपदरी कापड दोन्ही दोषांपासून मुक्त. मागच्या खिडकीला काच नको, कारण टप मिटताना ती अडचण करते. हे सर्व मी शालिनीला लेखी दिले. ती समरजितला घेऊन सयाजीगंजातल्या कारागिराकडे गेली. समरजितने कापड चिमटीत धरले आणि तो म्हणाला, "वहिनीसाहेब, हेच घ्या. दादाला सांगा, त्यानंच निवडलं." हे तिनेच घरी येऊन मला सांगितले, हसत. कापड खरोखर मी निवडलेलेच निघाले, हे अधिक अपमानास्पद आहे.

४. रंग मात्र निळा ठरला होता. टप आला हिरवा. त्याला कारण आहे. लग्नानंतर शालिनी पहिल्यांदा माहेरहून परतली तेव्हा तिला आणायला स्टेशनवर मी जावयाचे होते. मी एका वादविवाद स्पर्धेचा परीक्षक होतो, म्हणून समरजित गेला, तोही टप पाडून. ती हिरव्या साडीत, विस्कटल्या केसांनी, हसत दारात उतरली. मोटारीत आसने दोनच आहेत. त्या दिवशी त्यांतले एक माझे होते. समरजितला ती साडी अजून आठवते. मागल्या दिवाळीत चकली खाता खाता त्याने तिचा विषय काढला होता. सबब रंग त्यानेच बदलला. मोटार संयोगिताला द्यावी आणि समरजितने तिच्या चाकाला हात लावू नये.

५. (साक्षीदारांसमोर वाचन झाल्यावर लिहिलेले.) चहा घेऊन आलेल्या शालिनीने चौथे कलम ऐकले. ट्रे खाली ठेवून ती म्हणाली, "अहो, रंगाचा फोन त्या कारागिराला तुम्हीच केला होता. स्पीकरवर. तुम्ही म्हणालात निळा. तो म्हणाला, 'हां काका, लीलो.' तुम्ही म्हणालात, हो, तोच."

गुजरातीत लीलो म्हणजे हिरवा, हे मला ठाऊक आहे. मी विचारले, "मग तू गप्प का राहिलीस?"

"मला वाटलं, तुम्हालाही ती साडी आठवते."

साक्षीदार विश्वंभर यांना या वेळी खोकला आला.

सबब चौथे कलम रद्द. मोटार शालिनीची. तिला फिरवून आणण्यासाठी समरजितने चालकाच्या जागी बसण्यास हरकत नाही. मात्र त्या वेळी टप चढवलेला असावा. अट वाचून दाखवल्यावर ती म्हणाली, "बघू." हे उत्तर संमती धरावे की नाही, याचा निर्णय मी करू शकलो नाही.

आम्हां दोघांसमक्ष लिहून देणाऱ्याने, आणि त्याच्यासमक्ष आम्ही, सह्या केल्या:
विश्वंभर दत्तात्रेय मोहिते, शेजारी (सही)
दिग्विजय सुभानराव जगताप, माजी विद्यार्थी (सही)

बडोदे, ९ नोव्हेंबर २०२४

कबुली: सारा जन्म बडोद्यात काढून मी गुजराती कारागिराला घरातला मराठी शब्द सांगितला. निळ्याला गुजरातीत 'वादळी' म्हणतात, तेच म्हणावयास हवे होते. चूक माझी आहे, समरजितची नाही. टप हिरवाच राहील.

उदयसिंहराव मानसिंगराव शिर्के (सही)