उदबत्ती समुद्रसिंहाला

तेलगाव, जुलै १९९७

प्रिय ताई,

तू तिकडे अमेरिकेत ज्याच्यावर संशोधन करतेस, त्या समुद्रसिंहाचा तू पाठवलेला फोटो पोचला. आईने तो काचेत मढवून दुकानात, गल्ल्यावर महादेवाच्या तसबिरीशेजारी लावलाय. सकाळची उदबत्ती आधी महादेवाला, मग त्या मिशाळ धुडाला. गिऱ्हाईक शेंगदाणे मागतं आणि आई त्याला तुझं कौतुक ऐकवते. शेजारच्या साखराबाईने फोटो निरखून विचारलं, "म्हैस हाय का? शिंगं कुठं गेली हिची?" मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! हो, जळते मी तुझ्यावर. लहानपणापासून जळते.

माझ्याकडेही एक प्राणी आहे. परसात रांजणाखाली राहणारा भेक, म्हणजे बेडकाचा कोरड्यावर राहणारा चुलतभाऊ, काडेपेटीत मावेल एवढा. शाळेत विज्ञान शिकवून आले की मी त्याच्यासमोर बसते. परवा, पावसाने ओढ दिली म्हणून पोरांनी धोंडी काढली. कडुलिंबात गुंडाळून मुसळाला बांधायला त्यांना बेडूक मिळेना, तर आईने माझा भेक काढून दिला! "बेडूकच हाय की, त्याला काय सोनं लागलंय?" भेक आणि बेडूक यांतला फरक मी तिला किती वर्षं सांगतेय. तुझ्या प्राण्याच्या नुसत्या फोटोला काच, आणि माझा जिवंत मुसळाला. मी गल्लीभर पोरांमागे धावले आणि त्याला सोडवून आणलं. पाऊस मीच अडवला म्हणून आईने आता अबोला धरलाय.

त्या रागात मी दोघांची तुलना करत बसले. तुझा तीनशे किलोचा, कानाला चिमुकली पाळी असलेला, वल्ह्यांसारख्या पायांवर चालणारा. माझा खरखरीत, डोळ्यांमागे विषाच्या गाठी बाळगणारा. माझ्यासारखाच, म्हणशील. काहीच जुळेना. मग लक्षात आलं, समुद्रसिंह जन्मतो जमिनीवर आणि पोट भरायला पाण्यात जातो. भेक पाण्यात जन्मतो आणि जमिनीवर येतो. जन्मल्या जागी दोघंही राहत नाहीत.

ताई, पुण्याला बेडकांवर संशोधन करायला मला बोलावलंय. आई धडधाकट आहे, दुकान एकटीने रेटते, पण मी जायचं नाव काढलं की "ती गेली, आता तूबी जा" म्हणून रडते. हे पत्र मिळेल त्या रविवारी ती नेहमीसारखी एसटीडीवर तुझ्या फोनची वाट बघत बसेल. तू सांग तिला. तुझं ती ऐकते, माझं ऐकत नाही, आणि याचाच तर मला जन्मभर राग आलाय. या एका रविवारपुरता तुझा शब्द मला उसना दे.

तुझीच जळकुकडी,
रुद्राणी