नंबर नसलेले कंडेन्सर

कोल्हापूर,
ता. ८ ऑगस्ट २०२३

मित्र नबीलाल यास,
आकारामचा रामराम. स. न. वि. वि. मी अजून दोन पायांवर उभा आहे, हीच इकडची खुशाली. तुझ्या कानांना फोन ऐकू येत नाही म्हणून या चौथी पास माणसाला पेन धरावं लागलं. अक्षराला हसू नकोस.

हातून घोटाळा झाला आहे. माझ्या शिलाईच्या दुकानासाठी तू सागवानी स्पीकरपेट्यांची जोडी केली होतीस. त्यातल्या डाव्या पेटीचा बारीक आवाज महिन्याभरापासून गेलाय आणि उजवीही दबून वाजते. माझी विठा जाऊन तीन वर्षं झाली. काज-बटण करता करता ती गुणगुणायची, मध्येच बडबडायची, ती कॅसेट तूच भरून दिलेली. दुपारी ती लावतो आणि मशीनवर डोकं टेकतो. मग डोळा लागता लागता दुकान पहिल्यासारखं होतं. कोऱ्या कापडाचा वास येतो, खिडकीतलं ऊन आत सरकतं आणि त्या उन्हात कुणीतरी सुई ओवत बसलंय असं वाटतं. हल्ली मात्र घोंगडी पांघरून बोलावं तसा आवाज येतो. परवा तर दचकून जागा झालो. ही बाई कोण, असं मनात आलं.

म्हणून डावी पेटी उघडली. छोट्या स्पीकरच्या वायरीत एक पिवळा कंडेन्सर दिसला, धुळीनं माखलेला. मी आपला खडूचे डाग काढायच्या स्पिरिटनं तो लख्ख पुसला. मग चष्मा लावून बघतो तर वर एक आकडा नाही. मीच पुसून टाकला रे! उजवी उघडायचा धीर होत नाही. सुट्या भागांच्या दुकानात तो कंडेन्सर घेऊन गेलो, तर मालक म्हणाला, पावणं, नंबर न्हाय तर मी काय अंगारा देऊ व्हय?

मला झोप नाही. अंदाजानं दुसरा बसवला आणि आवाज चुकला तर? मी म्हातारा माणूस, चार दिवसांत त्या चुकीच्या आवाजालाच विठा म्हणायला लागेन. मग खरी विठा कुठून आणू? तिचा फोटोसुद्धा धड नाही. तो नंबर तुला आठवत असेल तर उलट टपाली कळव. फातिमावहिनींना नमस्कार, मुबशिराला आशीर्वाद.

तुझ्या मायेच्या भरवशावर असलेला,
आकाराम

*

राधानगरी,
ता. १४ ऑगस्ट २०२३

आकाराम यास,
सलाम आणि स. न. वि. वि. मुबशिराच्या घरी आम्ही दोघं मजेत आहोत. आठ दिवस धुकं खाली उतरलंय. समोरचं शेत दिसत नाही आणि मला काही ऐकूही येत नाही, त्यामुळे कापसात गुंडाळून ठेवल्यासारखा बसलेलो असतो. जावई म्हणतो, अब्बांना कशाचा तरास न्हाय.

तू काही पुसलं नाहीस, वेड्या. आकडा मीच घासून काढला होता, पॉलिश पेपरनं. त्या काळी गावातले मिस्त्री एकमेकांच्या पेट्या उघडून चोरून बघायचे. आपला आवाज दुसऱ्यानं उचलू नये म्हणून मी प्रत्येक कंडेन्सर कोरा करायचो. उजवीतलाही कोराच निघेल. उघड बिनधास्त.

नंबर मात्र मला आठवत नाही. मी तो वहीत लिहिलाच नव्हता. दुसऱ्यांपासून लपवता लपवता स्वतःपासूनही लपवला. उजवीतला काढून मीटरवर मोजू नकोस. इतक्या वर्षांत तोही हळूहळू सुकत आवाज मऊ करत गेलाय, खोटा आकडा सांगेल. पेट्या बसवल्या त्या दिवशी मी काय केलं ते सांगतो. विठावहिनींना तुझ्या दुकानात बसवलं, त्यांचा आवाज टेपवर घेतला आणि लगेच पेटीतून वाजवला. एकदा पेटी, एकदा वहिनी. दोन्ही सारखे वाटेपर्यंत कंडेन्सर बदलत गेलो. नंबर त्यांच्या गळ्यानं ठरवला होता.

आता गळा नाही आणि माझे कानही नाहीत. पण फातिमाचे कान अजून सुईसारखे आहेत. वीस वर्षं ती तुझ्या दुकानात वहिनींच्या मांडीला मांडी लावून तुरपाई करायची. पुढच्या आठवड्यात तिला गाडीत बसवून देतो. दोन पॉइंट दोन, तीन पॉइंट तीन आणि चार पॉइंट सात अशा नंबरांचे कंडेन्सर आण, प्रत्येकी दोन. चिमट्यानं एकेक लावून बघ. आवाज कुठला चांगला, असं तिला विचारू नकोस. विठाबाई कुठली, एवढंच विचार. आणि तू मध्ये बोलू नकोस. तुझी सवय मला माहीत आहे.

झाल्यावर आवाज कसा आला ते मला लिही. माझ्या हातच्या तेवढ्या दोनच पेट्या उरल्यात.

तुझ्यावर जीव असलेला आणि तुझ्या रडगाण्याची सवय झालेला,
नबीलाल

*

कोल्हापूर,
ता. २६ ऑगस्ट २०२३

मित्र नबीलाल यास,
रामराम. स. न. वि. वि. वहिनी काल सुखरूप पोचल्या असतील. त्यांनी आणलेल्या तांदळाचा भात दोन दिवस झाले खातोय.

तू सांगितलंस तसंच केलं. वहिनी पेट्यांकडे पाठ करून खिडकीपाशी बसल्या. पहिला दोन पॉइंट दोनचा लावला. नबीलाल, काय सांगू, आवाज असा रेशमासारखा आला की माझे डोळे भरले. सगळ्या दुपारी स्वप्नात येते ती हीच, असं वाटलं. मी आनंदानं वहिनींकडं बघितलं, तर त्या म्हणाल्या, ही कुणाच्या तरी घरची गुणाची सून दिसतीया, विठी न्हवं.

तीन पॉइंट तीनला त्यांनी नुसती नकाराची मान हलवली. चार पॉइंट सात लावला आणि मी कानावर हात ठेवणार होतो. आवाज खरखरीत, फाटका. कॅसेटमध्ये ती माझ्यावर ओरडते, अवो, कातर हाय का कोयता, ठेवा की खाली! ते सगळं अंगावर आलं. मी बंद करायला उठलो आणि वहिनी तिकडे मोठ्यानं हसल्या. त्या थेट कॅसेटलाच म्हणाल्या, व्हय गं बाई, तुझा दादला अजून तसाच हाय. मग मान खाली घालून पदर डोळ्यांना लावला.

मी भांडलो. विठा अशी नव्हती म्हणालो. वहिनी म्हणाल्या, जलमभर मिशरी लावून तिचा गळा असाच होता, आणि कापडबाजारात एक हाक मारली की चार दुकानदार वळायचे. तुमास्नी गोड बायको पायजे असंल तर दुसरी करा.

दोन्ही पेट्यांत चार पॉइंट सातच डाख देऊन बसवले. आवाज कसा आला विचारलंस. कोऱ्या, न धुतलेल्या मांजरपाटावरून हात फिरवावा तसा. टोचतो. प्रत्येक ओळीआधी ती आखूड श्वास घेते, तोही ऐकू येतो. तो मी विसरलोच होतो. काल दुपारी कॅसेट लावली, पण झोप आली नाही. ताठ बसून ऐकत राहिलो.

तीन वर्षं मी जिच्यासाठी रडलो ती मीच बेतून शिवली होती, आतून मऊ अस्तर लावून. विठासाठी रडायला कालपासून सुरुवात केली आहे.

उत्तर सावकाश दिलंस तरी चालेल, पण माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
आकाराम