हवालदाराने खाल्लेलं अस्सल चॉकलेट

तीर्थरूप बाबांना,

धाकट्या जावयाचा आत्ता हात जोडून, आणि पुढचं वाचून झाल्यावर पाय धरून, नमस्कार. आम्ही सगळे इथे खुशाल आहोत. (हे आधीच लिहून टाकतो, मधेच कुठेतरी तुम्हाला त्याची गरज पडेल.) आईंचा गुडघा कसा आहे? थोरल्या ताईंचं बाळ झोपू देतं का? तुमची शुगर ताब्यात आहे, असं आई फोनवर अभिमानाने सांगत होत्या. साखरेचा डबा त्यांनी कुलपात ठेवल्याचं हे फळ, दुसरं काय! तुम्ही म्हणाल, फोन असताना पत्र कशाला? बाबा, तुमचं नुसतं "हं, बोला" ऐकलं की माझं ततपप होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी होतं. शिवाय पत्र वाचताना तुम्ही ओरडलात तर मला ऐकू येणार नाही.

तर, हवालदार. थोरल्या ताईंकडे जाताना त्याची साखळी माझ्या हातात देऊन तुम्ही फक्त "सांभाळा" म्हणालात, आणि तेव्हापासून माझं जेवणावरचं लक्ष उडालं आहे. (हवालदाराचं नाही.) परवा दुपारी दुकानाच्या मागच्या खोलीत मी एका केकवर क्रीमचे गुलाब काढत होतो. गुलाब काढताना मी श्वाससुद्धा बेताने घेतो, त्यामुळे पाठीमागे काय चाललंय ते कळत नाही. वळून बघतो तर टेबलाखाली चॉकलेटचा स्लॅब अर्धा झालेला, चंदेरी कागदाच्या चिंध्या, आणि तुमचा कुत्रा मिशा चाटतोय. मला वाटलं, चोरी झाली, विषय संपला. मी पुढचा गुलाब घेतला. तेवढ्यात तो फरशीवर ओकला. मग दाराशी ओकला. मग केकच्या रिकाम्या खोक्यात. पोटात काही उरलं नसावं, तरी बिचाऱ्याला उमासे येतच होते, आणि पाय लटपटत होते.

शेजारच्या काकू मिठाचं पाणी घेऊन धावत आल्या. ("सगळं बाहेर येऊ दे!" आता आणखी काय यायचं होतं कुणास ठाऊक.) तुमच्या लेकीने तो पेला हातातून काढून घेतला आणि जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावून माझ्या कानाला धरला. कुत्र्याचं वजन किती, चॉकलेट कुठलं, किती खाल्लं, कधी खाल्लं, असं त्यांनी विचारलं. इथे माझा धंदा मला नडला. मी छाती काढून सांगितलं, "घाबरू नका मॅडम, आपल्याकडे भेसळीचं काम नाही. दूध नाही, साखर नाही, अस्सल काळं चॉकलेट!" मग त्या म्हणाल्या, "अहो, तेच तर वाईट. जितकं काळं तितकं कुत्र्याला घातक. घरी काही पाजू नका, कागद बरोबर घ्या आणि आत्ताच्या आत्ता निघा." दुकानाच्या पाटीवर मी हौसेने 'अस्सल' हा शब्द रंगवून घेतलाय, बाबा. त्याच्याकडे बघवेना.

तरी केकवाला तो केकवाला. उरलेला तुकडा मी काट्यावर ठेवला, खाल्लेल्याचा हिशेब केला, मग हवालदारालाच मैद्याच्या पोत्यांच्या मोठ्या काट्यावर उभा केला. तो काट्यावरही ओकला. "चला ना! केक करायचाय का त्याचा?" तुमची लेक रडत ओरडली. रिक्षात तो माझ्या मांडीवर होता. त्याच्या छातीवर हात ठेवला, तर धडधड इतकी जोरात की त्याची कुठली आणि माझी कुठली, कळेना. खरं सांगतो, त्या वेळी मला तुमची भीती वाटत नव्हती. हा आपल्या हातात जातोय, एवढीच वाटत होती.

सलाइन लागलं, पोटातलं विष शोषणारं कसलंसं काळं औषध दिलं, छातीला तारा लावल्या. संध्याकाळपर्यंत ओकाऱ्या थांबल्या, पण तो डोळे उघडेना. डॉक्टरीणबाईंनी नोंद करायला तो चंदेरी कागद उलगडला. कागद वाजला मात्र, हवालदाराने मान उचलली, उजवा पाय पुढे केला आणि वळून दाराकडे बघितलं. डॉक्टरीणबाई हसल्या. "वाचला हा," म्हणाल्या. मी तर तिथेच खाली बसलो. तुमची लेक मात्र हसली नाही. काल त्याला घरी आणलाय. जेवतो, भुंकतो, तुमच्या चपला शोधतो. आईंना नमस्कार.

तुमचा,
धाकटा जावई

ता.क. चॉकलेट आता वरच्या फळीवर, कुलपात.

ता.क. दुसरा. फोनवर मी घाबरतो हे खरंच आहे, पण पत्र लिहायला मला तुमच्या लेकीने बसवलंय. आई फोन स्पीकरवर ठेवतात, म्हणून. कागद वाजला की पाय द्यायचा आणि कोणी येत नाही ना, हे दाराकडे बघायचं, असं काही आम्ही त्याला शिकवलेलं नाही. आईंनी तर शिकवलेलं नाहीच. त्यांना आम्ही एक अक्षर सांगणार नाही. फक्त ते चोरून चॉकलेट खाणं बंद करा, बाबा. त्याचंही आणि तुमचंही. तो निदान ओकला म्हणून आम्हाला कळलं. तुमचं आम्हाला कसं कळणार?