सागवानी नंबराची गाडी

मुक्काम जंगलनाका, आपल्या नंदिगड्ड्याच्या अलीकडे तीन कोस
बारशाचा आदला दिवस, सकाळ, सन १९२२

तीर्थरूप परशूमामांच्या पायांवर भाचा (आणि तीन वर्षांपासून जावईही) गुणाजी डोके ठेवतो. पावसात धरलेला आपला गुडघा एव्हाना सुटला असेल. रुक्मामामींना नमस्कार. बाळंतीण यमुनेची तब्येत मी विचारली म्हणून सांगावे. ती रागात असेल तर सांगू नये. पोरीला काय निरोप द्यावा ते सुचत नाही, कारण आमची अजून ओळखच झालेली नाही. उद्या तिचे बारसे. कानात नाव सांगायला आत्या हवी, म्हणजे आमची केशर हवी, आणि तिला घेऊन येण्याचे काम माझ्याकडे. त्याप्रमाणे आम्ही परवाच निघालो आहोत. पोचत मात्र नाही.

त्याचे असे झाले. कॅसलरॉकच्या मालधक्क्यावरचा साहेब विलायतेला गेला आणि जाताना आपली इंजिन लावलेली सायकल खानसाम्याला देऊन गेला. खानसाम्याला सायकल नको होती, म्हैस हवी होती. माझ्याकडे म्हैस होती. (आपण यमुनेला दिलेली. तिच्याविषयी खाली लिहितो.) दोन तासांत सासरी, असे मी चारचौघांत बोलून बसलो आणि गाडी दारात आली. आता ही सायकल की मोटार, हेच कुणाला कळेना. पोलीस पाटील म्हणाला, पाय मारायचे पायटे आहेत म्हणजे सायकल. शिपाई म्हणाला, धूर निघतो म्हणजे मोटार. कचेरीतल्या कारकुनाने चष्मा पुसून निवाडा केला की पाय मारले तर सायकल, इंजिनावर चालली तर मोटार. मी विचारले, चढावर दोन्ही करावे लागते, तेव्हा काय? त्याने विचार करून सांगितले की चढाला आणि उताराला धरू नका, सपाटीवर ती मोटार. मामा, आपल्या मुलखात सपाटी आहे कुठे? भाताच्या खाचरात. शेवटी चार खेपा घालून, सात ठिकाणी सह्या करून ती मोटार ठरली आणि मला नंबर मिळाला. तो पुढे आणि मागे पाटीवर ठळक लिहावा असा हुकूम. पाटी कशाची असावी हे हुकुमात नव्हते. आपल्याकडे पाटी म्हणजे फळी, आणि फळी म्हणजे सागवान. नागू सुतार दुसऱ्या लाकडाला हातच लावत नाही. त्याने दोन फळ्या तासून झकास नंबर घातला आणि केशरला मागच्या बैठकीवर दोरीने बांधून मी निघालो.

काल दुपारी या नाक्यावर आलो. नाक्यावरचा जंगलखात्याचा गार्ड मारुती याने गाडीकडे पाहिलेदेखील नाही. फळीवर नख ओढले, वास घेतला आणि म्हणाला, "हे सागवान हाय. पास दाखवा." मी सातही सह्या दाखवल्या. तो शांतपणे म्हणाला, "हे गाडीचं झालं. मी फळीचं इचारतोय." पास नव्हता, म्हणून त्याने दोन्ही फळ्या जप्त केल्या आणि जप्तीच्या हातोडीचा शिक्का नेमका नंबरावरच हाणला. गाडी खुशाल न्या म्हणाला. पण त्याच बाकावर चहा पीत पोलीस बसला होता. त्याचे म्हणणे, नंबर नाही तर गाडी रस्त्यावर येता कामा नये. मग फळीला पास मागावा म्हटले, तर अर्जात लाकूड कशासाठी ते लिहावे लागते. गाडीच्या नंबरासाठी असे लिहिले, तर गाडी कचेरीत तपासणीला आणून दाखवा म्हणतात, आणि बिननंबराची गाडी आणायची कशी? धरले तर चावते, सोडले तर पळते. दोघेही माणूस म्हणून वाईट नाहीत. रात्री त्यांनी आम्हाला भाकरी दिली. केशर मात्र सकाळपासून एकच विचारते आहे, "दादा, ही गाडी आपल्याला न्हेणार हाय, का आपण हिला?"

तरी कृपा करून बारसे चार दिवस पुढे ढकलावे. तोवर फळीचा काहीतरी निकाल लागेल.

आपला भाचा व जावई
गुणाजी

ता. क. पत्र कुणाच्या हाती पाठवावे या विचारात असताना मारुतीला सहज विचारले की पायी जाणाऱ्या माणसाला कोणता कागद लागतो. त्याने पोलिसाकडे पाहिले, पोलिसाने त्याच्याकडे. मग दोघेही म्हणाले, "कायबी न्हाई." हे मला काल दुपारपासून सुचले नव्हते, याची लाज वाटते. गाडी त्यांच्या ताब्यात दिली आहे. बारसे पुढे ढकलू नये.

ता. क. दुसरा. म्हशीचे यमुनेला अजून ठाऊक नाही. ती माणसागणिक निरोप धाडून म्हैस नीट खाते का, असे विचारते आणि मी खाते म्हणून कळवत आलो आहे. (खात असेलच, खानसाम्याकडे.) हे पत्र खरे तर एवढ्यासाठीच. म्हैस आपण दिलेली, तेव्हा ती गेल्याचेही आपणच तिला सांगावे. बापाचे बोलणे ती ऐकून घेईल. माझे ऐकणार नाही, आणि तिचे बरोबरच आहे.

ता. क. तिसरा. हे पत्र केशर आपल्या हातात देईल. मी आपल्याच परसात, गवताच्या गंजीमागे बसून हे लिहितो आहे. यमुनेला सांगून झाले की मला हाक मारावी. आत पोर रडते आहे. मी तिचा आवाज आज पहिल्यांदा ऐकतो आहे, मामा. जरा भरभर वाचा.