पंधरा जानेवारीची पाहणी

मंगळवार, ४ मार्च

आज त्या टेबलाशी पहिल्यांदा कुणीतरी येऊन बसलं.

नवा नियम आला तेव्हा साहेबांनी माझ्या रेकॉर्ड रूममध्ये एक टेबल नि दोन खुर्च्या टाकल्या आणि दारावर पाटी लावली – रस्त्यांच्या पाहणीच्या, दुरुस्तीच्या नोंदवह्या मंगळवारी आणि शुक्रवारी कुणालाही पाहता येतील. पाच आठवडे चिटपाखरू फिरकलं नाही. शिपाई तिथं डबा खायला लागला होता. आज त्याला लोणच्याचा डाग पुसून उठावं लागलं.

आलेले गृहस्थ साठीचे. गळ्यात मोजायची टेप तशीच लटकत होती, काढायची विसरले असावेत. टेलरमास्तर आहेत. अर्ज भरताना रस्त्याचं नाव विचारलं, तर म्हणाले, "पाण्याच्या टाकीपासून शाळेपर्यंतचा." कारणाच्या रकान्यात काय लिहू म्हणून विचारलं. मी म्हटलं, तो रकाना रिकामा ठेवला तरी चालतो. तरी त्यांनी लिहिलं – 'मुलगी गेली.'

एकुलती एक. चोवीस वर्षांची. लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करायची. एकवीस जानेवारीला सकाळी सातला स्कूटरवरून पडली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

"बघणारे म्हणतात, रस्त्यात खड्डा होता," मास्तर म्हणाले. "पाइपसाठी खणलेला चर खचला होता म्हणे. पण मी दोन दिवसांनी गेलो तेव्हा रस्ता गुळगुळीत. पोलीस म्हणतात, गाडी वेगात असणार. आता बघणाऱ्यांचं खरं की पोलिसांचं? तुमच्या वहीत असेल ना, त्या महिन्यात रस्ता कसा होता ते?"

असेल म्हटलं. शुक्रवारी या, काढून ठेवते.

एवढं सगळं ते अगदी साध्या आवाजात बोलले. कापड किती लागेल ते सांगावं तसं.

गुरुवार, ६ मार्च

वही काढली. पान उघडलं. माझंच अक्षर.

शुक्रवार, ७ मार्च

मी खोटं बोलले.

आधी ते पान. '१५ जानेवारी. पाण्याची टाकी ते शाळा. पाहणी केली. रस्ता सुस्थितीत. दोष नाही.' पुढं निरीक्षकांची सही. सही त्यांची, बाकी सगळं माझं.

मला तो दिवस आठवतो. निरीक्षकांचा फोन आला होता. त्यांची आई अतिदक्षता विभागात होती. म्हणाले, "ताई, आज काही जमत नाही. मागच्या महिन्याचंच उतरवून काढा, मी आल्यावर सही करतो." मी म्हटलं, तुम्ही आईकडे बघा हो, वहीचं मी बघते. उतरवून काढलं. दोन मिनिटांचं काम. वर चहा प्यायले. आपण एका माणसाची अडचण भागवली म्हणून मला बरंसुद्धा वाटलं होतं.

तो मनुष्य कामचुकार नाही. अठरा वर्षं उन्हातान्हात रस्ते मोजतोय. म्हणूनच मी लिहिलं. दुसऱ्या कुणासाठी लिहिलं नसतं.

मास्तर ठीक अकराला आले. मी म्हटलं, "वहीची शिवण सुटली आहे, पानं सुटी झालीत. तशी हातात देता येत नाही." शिवण सुटली आहे हे खरंच आहे. पण ती तीन वर्षांपासून सुटलेली आहे.

ते बरं म्हणाले आणि गेले. जिना उतरताना दोनदा थांबले. मी खिडकीतून पाहत होते.

रविवार, ९ मार्च

जेवण गेलं नाही. ह्यांनी विचारलं, "ऑफिसात काही झालं का?" म्हटलं, ॲसिडिटी. हे गोळी शोधत कपाट उपसत बसले. चाळीस वर्षं बस चालवली, पण घरातली एक वस्तू जागेवर सापडत नाही ह्यांना. गोळी आणून दिली. मी घेतली.

मंगळवार, ११ मार्च

मास्तर आले. हातात कापडी पिशवी. पिशवीतून जाड सुई, मेण लावलेला दोरा, अंगठ्यात घालायचं टोपण.

"ताई, शिवणच सुटली ना? ते तर माझंच काम आहे."

कपाट उघडून वही त्यांच्यापुढं ठेवली.

त्यांनी आधी वाचलं नाही. आधी शिवलं. पानं ठोकून सारखी केली, जुना दोरा एकेक टाका उसवून काढला, पुन्हा नव्यानं टाके घातले. पाऊण तास. मधे एकदा म्हणाले, "माझी मुलगी म्हणायची, बाबा, तुम्ही काळजी करायला लागलात की शिवायला घेता. परीक्षेच्या दिवसांत तिचे सगळे कपडे मी दोनदा शिवलेत." हसले. मीही हसले. हसायला नको होतं.

मग पान काढलं. ओळीखाली बोट धरून वाचलं. परत वाचलं. मला वाटलं, आता ओरडतील. वाटलं, ओरडू देत.

"म्हणजे रस्ता चांगला होता," ते म्हणाले.

मी टेबलावरचे दोऱ्याचे तुकडे गोळा करत राहिले.

"म्हणजे पोरगीच जोरात होती. पोलिसांचं बरोबर होतं." वही मिटली, वरून हात फिरवला. "मी रोज सांगायचो तिला, हळू जा. हो बाबा म्हणायची. जाऊ दे. निदान कळलं. तुमचे उपकार झाले, ताई."

माझे उपकार झाले!

ते गेल्यावर त्या खुर्चीवर बसून राहिले. वहीची शिवण इतकी सुबक झाली आहे की बाकीच्या वह्या तिच्यापुढं भिकाऱ्यासारख्या दिसतात.

बुधवार, १२ मार्च

ह्यांना सगळं सांगितलं. हे ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, "सही कुणाची आहे?"

"निरीक्षकांची."

"मग झालं तर. तू लिहिणारी. ज्यानं सही केली त्यानं बघायचं."

मला तेच ऐकायचं होतं बहुतेक. ऐकल्यावर मात्र उपयोग झाला नाही. थोड्या वेळानं हे आपणहूनच म्हणाले, "मी गाडी चालवायचो तेव्हा रोज सकाळी कागदावर लिहिलेलं असायचं – ब्रेक तपासले. मी त्या कागदावर भरवसा ठेवून पन्नास माणसं घेऊन घाट उतरायचो." आणि उठून अंगणात गेले.

गुरुवार, १३ मार्च

निरीक्षक आज ऑफिसात आले तेव्हा त्यांना रेकॉर्ड रूममध्ये बोलावून घेतलं. आईचं दिवसकार्य झाल्यापासून बारीक झालेत. आई त्याच आठवड्यात गेली होती त्यांची.

मी पान दाखवलं. विचारलं, "भाऊ, खड्डा होता का हो?"

त्यांनी दार लोटून घेतलं. "होता, ताई. अपघाताचं कळल्यावर दुसऱ्या दिवशी मीच माणसं पाठवून बुजवून घेतला. हात-दीड हात खोल होता. पंधराला गेलो असतो तर दिसलाच असता. आंधळ्याला दिसला असता."

"बुजवल्याची नोंद?"

"नाही केली. दोष नाही म्हणून लिहिलेल्या रस्त्यावर बुजवलं काय, असं कुणी विचारलं असतं ना."

मग टेबलावर डोकं ठेवून रडले. एवढा धिप्पाड माणूस. म्हणाले, "त्या दिवसापासून मी त्या रस्त्यानं जात नाही. लांबून वळसा घालतो." मी पाणी दिलं. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. राग करायला मी कोण?

जाताना म्हणाले, "तुम्ही काय करायचं ते करा. मी नाही म्हणणार नाही."

शुक्रवार, १४ मार्च

दिवसभर दाराकडे लक्ष. मास्तर आले नाहीत. कशाला येतील? त्यांना उत्तर मिळालंय.

शनिवार, १५ मार्च

मास्तरांच्या दुकानात गेले. अर्जावर पत्ता होता.

एवढंसं दुकान. दोन मशिनं, त्यातलं एक झाकलेलं. ते शाळेच्या गणवेशाला काजं करत होते. मला पाहून घाईनं स्टूल पुसलं. "ताई, तुम्ही? काही शिवायचंय का?"

मी काही बोलायच्या आत तेच बोलायला लागले. म्हणाले, घरी सांगितलं हिला, वहीत रस्ता चांगला आहे म्हणून. ही रोज पोरीच्या फोटोसमोर बसायची. तिच्याशी बोलायची, भाजी निवडायची. त्या दिवसापासून तिथं बसत नाही. खुर्ची भिंतीकडे फिरवली. "रागावलीय. म्हणते, शेवटपर्यंत ऐकलं नाही कार्टीनं. मेलेल्या पोरीवर रागावलीय, ताई. मी काय समजूत घालू? माझ्याही मनात तेच येतं."

मग मी सांगितलं. उभ्यानंच. फोन आला होता, मी मागच्या महिन्याचं उतरवलं, त्या दिवशी त्या रस्त्यावर कुणीही गेलं नव्हतं. खड्डा होता. दुसऱ्या दिवशी बुजवला. तुमची मुलगी जोरात होती की नाही, मला माहीत नाही. पण रस्ता चांगला नव्हता.

ते काज करत राहिले. एक पुरं केलं, दोरा दातानं तोडला. मग विचारलं, "अक्षर तुमचं?"

"हो."

"मी तुमच्यासमोर वाचलं तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आणि मी शिवत होतो तेव्हा?"

"हो."

बाहेर कुणीतरी पँट आखूड करायला घेऊन आलं. मास्तरांनी उद्या या म्हणून सांगितलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तोंडी सांगितलेलं मी घरी कसं नेऊ? ती म्हणेल, तुम्हीच मनानं रचलंत. माझं नाही, वहीचं ऐकते ती. वहीत लिहा."

"लिहिते."

"मग लिहा. आणि आता जा, ताई. मला वाईट बोलायचं नाहीये."

सोमवार, १७ मार्च

लिहिलं. त्याच नोंदीखाली, लाल शाईनं. 'वरील नोंद खरी नाही. १५ जानेवारीला या रस्त्याची पाहणी झाली नाही. नोंद मी केली. रस्त्यात खड्डा होता. तो २२ जानेवारीला बुजवला.' खाली सही आणि आजची तारीख. निरीक्षकांनीही सही केली.

मग वही घेऊन साहेबांकडे गेले. साहेबांनी चष्मा लावला, काढला, परत लावला.

"बाई, निवृत्तीला किती राहिलं तुमच्या?"

"दीड वर्ष."

"मग हे काय करून ठेवलंत? वहीत असं लिहितात का कुठं? चौकशी लागेल. तुमची, त्याची, उद्या माझी." मग आवाज खाली आणला. "पान खराब झालं म्हणता येईल. पाणी सांडलं असं."

"साहेब, वही लोकांसाठी आहे. दारावर पाटी तुम्हीच लावलीत."

त्यांनी वही मिटून माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, "जा. चौकशी होईपर्यंत तिथंच बसा. आणि वही कपाटात ठेवू नका, टेबलावरच राहू दे. आता लपवण्यात काय अर्थ आहे?"

वाईट मनुष्य नाही. इथं कुणीच वाईट नाही. तरी एक पोरगी गेली.

मंगळवार, १८ मार्च

मास्तर आले. पानाची नक्कल मागितली. मी शिक्का मारून दिली. त्यांनी उभ्याउभ्याच वाचली, चार घड्या घालून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली. माझ्याशी एक शब्दही बोलले नाहीत. दारात शिपायाला मात्र म्हणाले, "येतो."

गुरुवार, २० मार्च

चौकशीची नोटीस आली. हे म्हणाले, वाचून दाखव. वाचली. म्हणाले, "बरोबरच लिहिलंय." दुपारी माझ्यासाठी स्वतः चहा केला. साखरेऐवजी मीठ पडलं. दोघंही तसाच प्यायलो.

शुक्रवार, २१ मार्च

मास्तरांची बायको आली. एकटी. मी तिला आधी कधी पाहिलं नव्हतं. नक्कल हातात धरून होती, म्हणाली, शिक्क्याच्या कागदाचा भरवसा नाही, मला खरं पान बघायचंय. मी वही उघडून दिली. तिनं पानावर हात ठेवला, मग माझा हात हातात घेतला. म्हणाली, "आमचे हे सांगत होते, इथल्या एका बाईंनी खरं काय ते लिहायला लावलं. त्या तुम्हीच ना? तुमच्यामुळं मी पोरीशी पुन्हा बोलायला लागले. मला वाचता येत नाही. तुमच्या तोंडून ऐकू दे."

मी वाचलं. 'वरील नोंद खरी नाही. पाहणी झाली नाही. नोंद मी केली.'

ती म्हणाली, "मी म्हणजे कोण?"

मी म्हटलं, "मी."

तिनं हात काढून घेतला. मग पानाकडे बोट करून म्हणाली, "पुन्हा वाचा."