हर्षाचे इंग्रजी पर्याय

८ जानेवारी १९९६, सोमवार. वाशी.
स्नान, पूजा, पाठ यथाक्रम. दुपारी चि. अनंताचे पत्र, अमेरिकेहून. जूनमध्ये सौ. हेलन व चि. मीरा यांना सहा आठवडे माझ्याकडे पाठवावे असा त्याचा विचार आहे. नात नऊ वर्षांची झाली. अद्याप आम्ही एकमेकांस पाहिलेले नाही. पत्राच्या तळाशी सूनबाईच्या हातची एक ओळ, इंग्रजीत : बाबा, आपण 'चिअरफुल' आहात ना? तिला मराठी येत नाही; तेव्हा उत्तरही इंग्रजीतच द्यावयाचे.
ही, अनंताची आई, गेल्यापासून मला असा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

९ जाने.
शब्दकोश घेऊन बसलो. जन्मभर शाळेत संस्कृत शिकवले. हर्ष, मोद, तोष, प्रसाद यांतले अंतर सांगताना कधी अडलो नाही. येथे अडलो. 'मेरी' हा नाताळचा शब्द. एरवी त्यास किंचित मद्याचा वास. 'जॉली' स्थूल, पाठीवर थाप मारणारा. 'ग्लॅड' एकटा उभा राहत नाही. कशामुळे, ते सांगावे लागते. 'चिअरफुल' म्हणजे मुखावरची प्रसन्नता. ती पाहावयास समोर कोणी तरी हवे. माझ्यासमोर आरसा, तोही दाढीपुरता.

१० जाने.
'कन्टेन्ट' हा शब्द योजला. योगशास्त्राने संतोष हा यम-नियमांपैकी नियमांत गणला आहे. याहून थोर शब्द मला ठाऊक नाही. 'आय ॲम कन्टेन्ट हिअर.' तीनदा वाचले. असत्य वाटले नाही. पत्र टाकले.
परतताना जिन्यात म्हात्रे. तळमजल्यावर राहतात, मूळचे वाशीगावचे, यांच्याच भातखाचरांवर आमच्या इमारती उभ्या आहेत.
"गुरुजी, पोराला कागद लिवला? ये म्हनून लिवलं ना?"
म्हटले, ते लिहावे लागत नाही. समजते.
"समजतंय, तर कागद कशाला टाकला?"

११ फेब्रुवारी, रविवार.
सकाळी अनंताचा फोन. "बाबा, हेलननं तुमचं पत्र दोनदा वाचलं. म्हणाली, ही इज कन्टेन्ट, त्यांचं आहे त्यात छान चाललंय, आपण कशाला जाऊन डिस्टर्ब करायचं? तुमचं सोवळं, पाठ... मीराला इथल्याच समर कॅम्पला घालतोय. या महिनाअखेर नाव नक्की करायचंय. चालेल ना?"
"आनंद आहे," मी म्हणालो.
"ओके!" मग तिकडे वळून, "हेलन, बाबा इज हॅपी!"
'आनंद आहे' हे मी कोणत्या स्वरात म्हणालो! हिला तो स्वर स्वयंपाकघरात, नळ चालू असताना कळला असता. हातातले टाकून बाहेर आली असती. बारा वर्षांत मुलाचे मराठी शाबूत राहिले, कान मात्र गेला. की दोष माझाच? मुलाकडे कधी काही मागितले नाही, याचा मला अभिमान. त्या अभिमानासच मी संतोष म्हणत आलो की काय?

१२ फेब्रु.
पूजेत चित्त नाही. दोनदा तेच नाम म्हटले.

१४ फेब्रु.
शब्दकोशात 'कन्टेन्ट' पुन्हा काढला. संतुष्ट, समाधानी, तृप्त. तृप्त! ज्याचे पोट भरले त्यास आणखी वाढू नये, एवढेच त्या बिचारीने केले. पानावर हात आडवा धरला तो मी.

१६ फेब्रु., शुक्रवार.
म्हात्र्यांना सर्व सांगितले. प्रथम बराच वेळ हसले.
"येवरं शिकलेलं तुमी, नि 'या' म्हनाया येत नाय? मी सांगू इंग्लिशमदी? कम! संपला."
मग हसणे थांबवून म्हणाले, "माजी दोन पोरं याच बिल्डिंगीत हायत, गुरुजी. पन हाक मारल्याबिगर कोन येत नाय. मारतो मी हाक. लाज कसली?"
वर आलो.

१८ फेब्रु., रविवार.
पत्र लिहिले. पोचावयास बारा दिवस, म्हणजे महिना उलटणार. मुलीचे नाव तोवर शिबिरात गेलेले असेल. फोनच करावयास हवा. घरच्या फोनवर परदेशची सोय नाही. बोलावयाचे वाक्य मराठीत योजून ठेवले आहे, अनंताशी मराठीतच बोलता येईल.

१९ फेब्रु., सोमवार.
सकाळी सातला नाक्यावरच्या बूथवर गेलो. तिकडे रविवारची संध्याकाळ. फोन हेलनने उचलला. अनंत बाहेर गेलेला. योजलेले वाक्य निरुपयोगी झाले.
"हाऊ आर यू, बाबा?"
'फाइन' जिभेवर आले होते; गिळले. "नॉट चिअरफुल," म्हणालो. "हेलन, आय रोट द राँग वर्ड. प्लीज कम. बोथ ऑफ यू. आय शॅल बी ग्लॅड."
मागून एका मुलीचा आवाज : "मॉम, हू इज इट?" आवाज तिच्या आजीसारखा जाड, किंचित घोगरा. हेलन तिला काही सांगू लागली, इतक्यात खरखर, आणि लाइन गेली.
"कट झाला, आजोबा," बूथवरची बाई म्हणाली. "परत लावू?"
नको म्हणालो. लगेच लावला असता तर सूनबाईने सौजन्याने होकारच दिला असता. सौजन्य नको आहे. तिला नवऱ्याशी बोलू दे, मुलीस विचारू दे.
घरी आलो. पूजा राहिली आहे. आज घंटा न वाजवता करीन. फोन वाजला तर ऐकू यावयास हवा.