टबाच्या जागी

रविवार, ९ नोव्हेंबर

प्रिय आई,

तुझी सर्दी आता गेली असेल. दादा-वहिनी ठीक ना? मी बरी आहे. हे वाक्य प्रत्येक पत्रात लिहिते, आज लिहून जरा थांबले.

इथे बाथरूमचं काम निघालंय. जुना टब फोडून काढला. त्या जागी वॉक-इन शॉवर होतोय. मध्ये उंबरा नाही, कड ओलांडायची नाही, सरळ चालत आत जायचं. खाली खरखरीत फरशी, भिंतीला बसायची फळी. घरभर सिमेंटची धूळ आहे. मिस्त्री बडबड्या आहे, त्यामुळे घरात कुणाचा तरी आवाज असतो. पहिल्याच दिवशी म्हणाला, "ताई, एकट्या माणसाला एवढा थाट?"

मी म्हटलं, "आई येणार आहे राहायला."

बोलून तर गेले. तुला विचारलंही नव्हतं.

तेव्हापासून तो सगळं तुझ्या सोयीने करतोय. काल धरायचा दांडा बसवायचा होता. "आजींची उंची सांगा." मी माझ्या कानापाशी हात धरला. "ही कधीची? म्हातारी माणसं आटतात हो. आणि जोर कुठल्या हातात?" मला सांगता येईना. "बरं, विचारून ठेवा," म्हणाला आणि हसला.

विचारायला बसले आणि वाटलं, आधी खरं लिहावं. हे काम तुझ्यासाठी काढलेलं नाही. गेल्या महिन्यात टबातून निघताना मीच घसरले. मोडलं काही नाही. पण उठता येईना, आणि हाक मारायला तोंड उघडलं तेव्हा कळलं, घरात ऐकणारं कुणी नाही. बराच वेळ तशीच बसले. नळ बंद करायचंही सुचलं नाही. त्याच संध्याकाळी फोनवर तुला म्हणाले, "काही विशेष नाही."

म्हणून तुझं म्हातारपण पुढे करून तुला बोलावणं मला पटेना. तू तिथे सुखात आहेस, नातवंडं तुझ्याशी पत्ते खेळतात. घसरले मी आणि दांडा तुझ्या नावाने. हा स्वार्थच. तरी विचारते, येशील का? चार दिवसांसाठी नाही, कायमची.

नाही म्हणालीस तर रुसणार नाही. रुसले तरी कळू देणार नाही. दांडा माझ्या मापाने लावून घेईन. फक्त "बघू" म्हणू नकोस. तू "बघू" म्हणालीस की मी दुसऱ्या खोलीतली गादी उन्हात घालते.

उत्तर काहीही असो, तुझीच,
धाकटी